उंबऱ्यातलं नेट

असल्या गोष्टी मला कधी खऱ्या वाटल्या नाहीत. हे वाक्य सगळेच आधी लिहितात, मी वाचलंय. पण माझं कारण वेगळं आहे. आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. भूकंपात जुनं गाव पडलं तेव्हा मी चौथीत होते. एका पहाटेत किती माणसं गेली ते इथं लिहीत नाही. जुन्या गावाची जागा अजून तशीच आहे… दगडाचे ढीग, त्यात उगवलेल्या बाभळी. आमचं शेत त्याला लागूनच आहे, आणि शेताला जायची वाट त्या ढिगांमधून जाते. तिन्हीसांजेला डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन मी एकटी त्या वाटेनं आलेली आहे. कधी काही दिसलं नाही. कुणी हाक मारली नाही. गेलेली माणसं दिसायची असती तर आमच्या गावाला रोज दिसली असती.

म्हणून मी मानत नव्हते. आताही मानते का, ते मला सांगता येत नाही.

शाळा पडली ती पुढं पत्र्याच्या शेडात भरायला लागली, पण मी परत गेले नाही. त्यामुळं मराठी वाचता-लिहिता येतं, इंग्रजी अक्षर ओळखत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध येतो. माझ्या मुलीनं फोनवर एक ग्रुप दाखवला होता. तिथं लोक आपापले अनुभव लिहितात. मी दुपारी पडल्या पडल्या वाचते, कुणाला उत्तर देत नाही. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. हे लिहिलेलंही फोनमध्येच ठेवलंय. पाठवीन की नाही, माहीत नाही.

मुलीचं नाव शिवलीला, घरात लीला म्हणतो. तिच्या वडिलांना ती अप्पा म्हणायची. तीच एक मुलगी, म्हणून मीसुद्धा त्यांना लीलाचे अप्पाच म्हणायचे. आम्ही लिंगायत. भूकंपानंतर मिळालेलं हे घर, दोन खोल्या आणि पुढं अंगण. अजून एक गोष्ट सांगते, बाहेरच्या माणसाला ती नवी वाटेल. आमच्या गावात कुणी डोक्याच्या वर जड काही ठेवत नाही. माळा नाही, उंच फळी नाही. गेलेल्या माणसाचा फोटोसुद्धा भिंतीवर वर टांगत नाहीत, स्टुलावर ठेवतात. ज्यांनी भूकंप बघितला नाही ती पोरंसुद्धा आता तसंच करतात. कुणी शिकवत नाही, तरी करतात.

लीला कॉलेजला होती तेव्हा कोरोना आला आणि शिकणं घरात आलं. गावात नेट कुठं होतं? एक अप्पाचा मोबाईल. त्याला रेंज यायची ती फक्त आमच्या दाराच्या उंबऱ्यात. खोलीत यायची नाही, अंगणात यायची नाही, उंबऱ्यातच. मग ते उंबऱ्यात बसायचे, फोन मांडीवर चालू ठेवायचे, आणि त्या फोनवरनं आत लीलाचा लॅपटॉप चालायचा. बसताना दारातल्या चपला पायानं ढकलायचे. एक इकडं, एक तिकडं. मी रोज ओरडायचे.

"उंबऱ्यात बसू नये म्हणून किती डाव सांगू तुम्हाला! आणि चपला कशाला उधळताव?"

"मग बसू कुठं, चपलांवर? रेंज हितंच यायलीय, त्याला मी काय करू? तू म्हणत असशील तर देवघरात बसतो. पोरगी नापास झाली तर मला बोलायचं न्हाय."

लीलाचा तास संपला की उठायचे, फोन खिशात टाकायचे आणि रानाकडं निघताना मोठ्यानं म्हणायचे, "मी माझं नेट घेऊन चाललो. ज्याला पाहिजे त्यानं रानात या!"

तेव्हाच लीलानं त्या फोनचं नाव बदललं. लॅपटॉपवर नेटच्या नावांची यादी येते, त्यात सगळी इंग्रजी. कधी तिचे हात पिठात असले तर मला जोडायला यावं म्हणून तिनं मराठीत नाव टाकलं, 'अप्पा'. "आई, बाकीची सोड. तुला वाचता येणारं एकच आहे, त्याच्यावर बाण न्यायचा आणि दाबायचं." मला तेवढं जमायला लागलं. पासवर्ड तिनं आधीच घालून ठेवला होता, परत विचारायचा नाही. तो तिला आणि त्यांनाच माहीत होता.

मागच्या दिवाळीनंतर ते गेले. हरभऱ्याची पेरणी चालली होती. जेवून बांधावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आमच्यात पुरतात, आणि बसवून पुरतात. शेताच्या कडेला जागा केली. डाव्या तळहातात गळ्यातलं इष्टलिंग दिलं, अंगाला भस्म लावलं. स्वामी मंत्र म्हणत होते. तेवढ्यात थोरले भाऊजी, म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, यांनी आपल्या खिशातनं अप्पाचा तो मोबाईल काढला. बॅटरी उतरून तो केव्हाच बंद पडला होता. "जन्मात हातातनं सुटला न्हाय ह्यो. असू द्या जवळ," म्हणाले, आणि खाली वाकून त्यांच्या उजव्या मांडीपाशी ठेवला. स्वामींनी एकदा बघितलं आणि मंत्र पुढं चालू केला. मग बेलाची पानं, मग माती. मी बघत होते. लीला बघत होती. सगळं गाव बघत होतं.

सिमकार्ड नंतर लीलानं बंद करून टाकलं.

त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही. बायका येऊन गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. जेवण पुढं आलं की जेवायचे, नाही आलं तर नाही. नळाला पाणी आलं की हंडा भरून वाहायला लागायचा आणि मी तिथंच उभी असायचे. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला. घरभर वास सुटला. मी शेगडीसमोर उभी होते आणि मला तो वास येत होता, पण पुढं काय करायचं ते आठवत नव्हतं. लीला तेव्हा सुट्टीवर आली होती. तिनं पळत येऊन बटन फिरवलं. मग माझ्याकडं बघत खाली बसली. त्या दिवशी तिनं ठरवलं की आईला एकटं ठेवायचं नाही.

तिला पुण्यात नोकरी लागली होती. काम म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून त्याच जुन्या लॅपटॉपवर लोकांशी बोलायचं, त्यांच्या अडचणी सोडवायच्या. तिनं कामावरच्या मॅडमना विचारलं आणि घरून काम करायची परवानगी मिळवली. अट एकच… बोलता बोलता नेट तुटलं नाही पाहिजे. तुटत राहिलं तर पुण्याला यायचं. तिथं ती चार मुलींत एका खोलीत राहायची. मला न्यायला तिथं जागा नव्हती.

"मी परत गेले तर तुला चालंल का आई?" तिनं एकदा विचारलं.

"चालंल," मी म्हणाले. खोटं बोलले नाही. मला तेव्हा काहीही चाललं असतं. तिला तेच तर भ्या वाटत होतं.

तोवर गावात केबलवाल्याचं नेट आलं होतं. सलीमभाई म्हणून लोहाऱ्याचे एक आहेत, त्यांनी बारीक काळी वायर ओढून घरात डबा बसवून दिला. डबा भिंतीवर वर ठोकतो म्हणाले, मी नको म्हणून मान हलवली. मग खाली ठेवून ते गेले आणि मी तो ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागं सरकवला. तिथं कुणाचा पाय लागणार नाही म्हणून.

आणि ते नेट सारखं जायला लागलं. लीला आतनं ओरडायची, "आई, डबा!" की मी कोठीमागं हात घालून प्लग काढायचे, भाकरी एका अंगानं शेकायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायचे, परत लावायचे. आधी लाल दिवा, मग हिरवा. दिवसभरात माझं तेवढंच काम. लीला लॅपटॉप बंद करून चालू करायची, विमानाचं चित्र दाबून परत काढायची. एक गोल फिरणारं चाक यायचं, लॅपटॉप स्वतःच स्वतःची तपासणी करायचा आणि शेवटी इंग्रजीत काहीतरी लिहायचा. "काय म्हणतोय?" मी विचारायचे. "काही सापडलं नाही म्हणतोय," ती म्हणायची.

थोरले भाऊजी रोज सकाळी दूध घेऊन यायचे आणि दारातनंच विचारायचे, "काय गं लीले, दिवा हिरवा का लाल?"

"लाल, काका."

"बरा हाय की तुझा डबा. न्हाय तर न्हाय म्हणून सांगतोय तरी. आमच्या तहसीलच्या साहेबाला लाल दिवा लावला पाहिजे, नुसतं उद्या या म्हणतोय."

मॅडमनी शेवटी सांगितलं की सोमवारी जेवणानंतर मीटिंग आहे, वरचे साहेब असतील, तिथंच लीलाचं काय करायचं ते ठरेल. तिथंही नेट तुटलं तर पुढचं विचारूच नको.

त्या सोमवारी सकाळपासून दिवा लाल. मी प्लग काढला, थांबले, लावला. परत काढला. लीलानं सलीमभाईंना फोन लावला. मोठ्यानं बोलत होते, मला ऐकू येत होतं.

"ताई, रस्त्याला जेसीबी लागलाय. आपली वायर तोडून टाकली त्यानं. आता सांजच्याला बघा."

"सलीमभाई, सांजपर्यंत माझी नोकरी जाईल ओ!"

"मग त्या जेसीबीवाल्याला मागा नोकरी. माझी बी त्यानंच घालवलीय." मग थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाले, "माफ करा ताई. निघालोच मी."

मग गावातली लाईटही गेली, त्यामुळं टॉवरही बंद. लीलाच्या फोनवर एक रेघ यायची आणि जायची. मॅडमना निदान फोन करून सांगावं म्हणून ती फोन घेऊन पाण्याच्या टाकीकडं निघाली, तिथं उंचावर कधी कधी लागतो. जाताना मला लॅपटॉपसमोर बसवलं. मीटिंग लावून ठेवली होती आणि नेटच्या नावांची यादी उघडली होती.

"कुठलं नाव आलं आणि पुढं रेघा भरलेल्या दिसल्या तर मला हाक मार. तुला वाचता यायचं नाही, नुसत्या रेघा बघ."

मी बसले. उन्हाचा पट्टा दारातनं आत आला होता. यादीत काही नव्हतं. लाईट नसली की शेजारच्यांचीही नावं जातात. मी बघत राहिले. काही बघत नव्हते, डोळे तिकडं होते एवढंच.

मग एक नाव आलं.

मला ते वाचता आलं. अप्पा.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. लोक लिहितात, अंगावर काटा आला, घाम फुटला. मला काही झालं नाही. डोक्यात एवढंच आलं की हे मला वाचता येणारं आहे, म्हणजे हेच दाबायचं. तिनं तसंच शिकवलं होतं. मी बाण नेला आणि दाबलं. चाक फिरलं. पंख्यासारख्या रेघा सगळ्या भरल्या. लॅपटॉपनं 'टुंग' केलं आणि एकेक चौकोन उघडत गेला, त्यात माणसं. एक बाई म्हणाली, "शिवलीला? शिवलीला, आर यू देअर?" एवढं मला कळलं. मी पदर सावरून बाजूला सरकले आणि दारात जाऊन हाक मारली.

लीला पळत आली, चप्पल पायात तशीच. तिनं पडद्याकडं बघितलं, कानाला लावलं आणि बोलायला लागली. मी भिंतीला टेकून बसले. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मधनं हिंदी. ती आधी घाईत बोलत होती, मग सावकाश. लांबली मीटिंग. उन्हाचा पट्टा कोठीपर्यंत सरकला. एकदाही आवाज तुटला नाही, एकदाही तिनं "आई, डबा" म्हणलं नाही. शेवटी सगळ्यांनी हात हलवले. लीलानं कानाचं काढलं आणि माझ्याकडं वळली.

"राहा म्हणाले. इथंच राहून कर म्हणाले आई." ती हसत होती. मग म्हणाली, "पण वायर तर तुटलीय. तू कुठलं लावलंस?"

"अप्पाचं."

"कुणाचं?"

"अप्पाचं लावलं. नाव आलं होतं."

तिनं यादी उघडली. नाव वरच होतं, खाली इंग्रजीत जोडलंय असं लिहिलेलं. ती त्याच्यावर बोट ठेवून राहिली. आम्ही दोघी बघत असतानाच एकेक रेघ कमी होत गेली आणि नाव गेलं. कोठीमागं डबा अजून बंदच होता. लाईटच नव्हती तर दिवा तरी कसला लागणार.

सांजच्याला थोरले भाऊजी आले. लीलानं त्यांना विचारलं, "काका, फोन नक्की ठेवला होता का? खरं सांगा. कुणाला देऊन तर टाकला न्हाय ना?"

"माझ्या हातानं ठेवला. मांडीपाशी. तू बघितलीस की."

"मग हे काय?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळली. "गावात अप्पा काय कमी हायत का गं? एका घरात दोन दोन अप्पा. कुणाच्या तरी मोबाईलला असंल नाव."

"नाव असंल काका. पासवर्ड कसा सारखा असंल? पासवर्ड जुळल्याशिवाय लॅपटॉप जोडतच न्हाय. तो मी ठरवला होता."

 मळलेली तंबाखू भाऊजींनी तोंडात टाकली नाही, परत पुडीत भरली.

लीला शिकलेली आहे. तिला उत्तर पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी कामावर बसायच्या आधी तिनं मला गाडीवर मागं बसवलं, लॅपटॉप माझ्या मांडीवर दिला आणि आम्ही शेतात गेलो. जुन्या गावाच्या ढिगांमधून. समाधीपाशी तिनं लॅपटॉप उघडला. यादीत काही नव्हतं. जमिनीवर ठेवून बघितला, पार मातीला टेकवून. काही नाही. हरभरा घाट्याला आला होता. मी समाधीवरचा पालापाचोळा काढला, पाणी घातलं. लीला म्हणाली, "इथं नाही ते." आवाजात बरं वाटल्यासारखं होतं की वाईट वाटल्यासारखं, मला समजलं नाही.

दुपारी घरी नाव परत आलं. ती लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरली. स्वयंपाकघरात एक रेघ. कोठीपाशी दोन. उंबऱ्यात सगळ्या भरल्या. अंगणात पाऊल टाकलं की काहीच नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, मग बाहेर, मग आत. तिनं माझ्याकडं बघितलं. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

इथपर्यंत ठीक होतं. पुढं वेगळंच झालं.

वायर जोडून झाल्यावर सलीमभाई डबा बघायला आले आणि कोठीमागं वाकून हसायला लागले. "भाभी, पत्र्याच्या कोठीच्या मागं ठेवलाव तर नेट येणार कुठनं? डबा वर ठेवायचा असतो, वर!" मी मान हलवली. त्यांनी फोटोच्या स्टुलाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि हातातला खिळा परत पिशवीत टाकला. तेही इथलेच आहेत. शेवटी डबा स्टुलावर ठेवला, अप्पाच्या फोटोशेजारी. नेट चांगलं यायला लागलं. दिवा दिवसभर हिरवा. माझं प्लग काढायचं काम गेलं.

पण दुपार झाली की लीलाचा लॅपटॉप आपोआप ते नेट सोडायचा आणि 'अप्पा'ला जोडून घ्यायचा. रेघा सगळ्या भरलेल्या, पण आता त्यात नेट नसायचं. नुसतंच जोडलेलं. समोरचा माणूस बोलता बोलता थांबायचा आणि चौकोन बंद पडायचा. लीला घाईनं परत डब्याचं नेट लावायची, थोड्या वेळात परत तेच. त्या पहिल्या सोमवारी त्यातनं नेट आलं होतं. नंतर कधीच आलं नाही. 

मॅडमचा फोन आला. लीला अंगणात जाऊन बोलली आणि आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात पुण्याला यावं लागंल.

सलीमभाईंना तिनं परत बोलावलं. फक्त एवढंच सांगितलं की लॅपटॉप सारखा दुसरीकडं जोडतोय. त्यांनी बघितलं आणि लगेच म्हणाले, "हे काय, ह्यात जुनं नाव सेव्ह हाय की. अप्पा. ह्याला काढून टाका. लॅपटॉपला जुनी सवय असती, जुनं दिसलं की नवं सोडून तिकडं पळतोय. एकदा काढलं की मिटलं." त्यांनी बाण नेलाही होता.

"थांबा," लीला म्हणाली. "मी काढते नंतर."

सलीमभाईंनी फोटोकडं बघितलं. त्यांचं लक्ष तेव्हा गेलं असावं. हात मागं घेतला आणि चहा न घेताच गेले.

लीलानं त्या दिवशी काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नेट तुटत राहिलं. मी बघत होते, ती बाण तिथवर न्यायची आणि लॅपटॉप मिटायची.

"माझ्याच्यानं व्हत न्हाय आई," ती म्हणाली. "मी जाते पुण्याला. काका येत जातील तुझ्याकडं. गॅसचं बटन मात्र तू…"  ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांच्या फिरवते तसा.

आणि मग मी बोलले. एवढं एका दमात मी खूप दिवसांनी बोलले असेन. म्हणाले, "ते तिथं कशासाठी बसायचे? तुझं शिकणं मोडू नये म्हणून. उन्हात बसायचे, माझी बोलणी खायचे. ते तुझी नोकरी घालवायला बसायचे न्हायत. नवं नेट आलंय हे त्यांना ठाऊक नसंल. कोण सांगणार? मला दाखव कुठं दाबायचं."

"आई…"

"दाखव."

तिनं दाखवलं. मराठी नावाखाली इंग्रजी शब्द होता, मला वाचता आला नाही. बरं झालं. मी दाबलं. नाव त्या जुन्या यादीतनं गेलं. लीला तोंड फिरवून बसली होती. मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी उठून कुकर लावला. गॅसचं बटन नीट फिरवलं, एवढं आठवतं.

त्यानंतर नेट तुटलेलं नाही. लीला इथंच आहे. आत्ता मी हे लिहितेय तेव्हा आत ती कुणाला तरी समजावून सांगतेय की बंद करून परत चालू करून बघा.

कुणाला याचं उत्तर माहीत असेल तर असेल. लीलानं पुण्यातल्या एका शिकलेल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, लॅपटॉपमध्ये जुनं काहीतरी अडकून राहिलं असेल. मग त्या सोमवारी वायर तुटलेली, लाईट गेलेली, टॉवर बंद, तेव्हा ती माणसं कुठनं दिसली?  भाऊजी तो विषय काढत नाहीत. 

एक राहिलं. नाव काढून टाकलं तरी ते गेलेलं नाही. आपण काढतो ते फक्त लॅपटॉपच्या आठवणीतलं, असं लीलानं समजावून सांगितलं. जवळपास असलं तर यादीत दिसणारच. आता त्याच्यापुढं कुलूप दिसतं आणि दाबलं तर पासवर्ड मागतं. लीलाला पासवर्ड माहीत आहे. ती घालत नाही. मी विचारत नाही.

काल दुपारी ती जेवायला आत गेली तेव्हा मी यादी उघडून बघितली. नाव होतं. रेघा भरलेल्या होत्या. मी दारात गेले, उंबऱ्यातल्या चपला उचलून कडेला नीट लावल्या, म्हणजे बसायला जागा होईल. मग तिला भाकरी वाढायला आत गेले.